एकेका पेशीतील आर.एन.ए.चे वाचन : प्रयोगाच्या आखणीचा इतिहास

ऊतकातील असंख्य पेशींचा आर.एन.ए. एकत्र करून वाचल्यास हाती केवळ सरासरी येते. विरळ पेशींचे वेगळेपण तीत लोपून जाते. ही उणीव २००९ साली दूर होऊ लागली. त्या वर्षी केंब्रिज येथील अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत फूचौ तांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील एकाच पेशीतील संदेशवाहक आर.एन.ए.चे अनुक्रम वाचून दाखविले. पुढे २०१५ साली हार्वर्ड येथील दोन गटांनी एकेक पेशी तेलातील सूक्ष्म जलबिंदूत कोंडून तिच्या रेणूंवर ओळखीची खूण उमटविण्याची पद्धती सिद्ध केली. त्यांपैकी एका गटाने उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशी तपासून त्यांचे ३९ समूह पाडले.

संख्येच्या ह्या वाढीबरोबर एक जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. एक निरोगी व एक रोगी उंदीर घेऊन प्रत्येकाच्या दहा हजार पेशी वाचल्या, तर प्रयोगाची पुनरावृत्ती किती वेळा झाली? एकदाही नाही. रोगाने घडविलेला फरक आणि त्या दोन उंदरांत मुळातच असलेला फरक ह्यांची फारकत अशा प्रयोगात करता येत नाही. रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या अनुभवातून रोनाल्ड फिशर यांनी पुनरावृत्ती, यादृच्छिक वाटप व गटबांधणी ही तत्त्वे मांडली आणि १९३५ सालच्या ग्रंथात ती विशद केली. एकाच वाफ्यातील कणसे कितीही मोजली, तरी खताचा गुण त्यावरून ठरत नाही. १९८४ साली स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांनी परिस्थितिविज्ञानातील ह्या दोषास ‘आभासी पुनरावृत्ती’ ह्या अर्थाचे नाव दिले.

पेशींच्या अभ्यासकांना हा धडा पुन्हा गिरवावा लागला. २०१७ साली शिकागो येथील संशोधकांनी तीन व्यक्तींच्या मूलपेशी प्रत्येकी तीनदा स्वतंत्रपणे तपासल्या. तेव्हा एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या खेपांतही लक्षणीय तफावत आढळली. २०१८ साली अनेक व्यक्तींच्या पेशी एकाच खेपेत मिसळून, जनुकीय भेदांच्या आधारे त्या मागाहून वेगळ्या करण्याची रीत प्रसिद्ध झाली. ही फिशर यांची गटबांधणीच होय. व्यक्तीव्यक्तींतील भेद दुर्लक्षिणाऱ्या गणनपद्धती, वास्तविक फरक नसतानाही, शेकडो जनुकांत फरक दाखवितात, हे २०२१ साली सिद्ध झाले.

तात्पर्य, आखणी करताना प्रथम व्यक्तींची वा प्राण्यांची संख्या ठरवावी, प्रत्येक खेपेत तुलनेच्या दोन्ही बाजू ठेवाव्या आणि मगच पेशींची संख्या निश्चित करावी. पेशी वाढविल्याने विरळ प्रकार सापडतात. परंतु निष्कर्ष व्यापक करण्याचा अधिकार स्वतंत्र व्यक्तींच्या संख्येनेच प्राप्त होतो.