लाखेची झिलई

दिवाळीच्या साफसफाईत घरोघर काय काय चमकवले जाते! समया चमकतात, तांब्याचे बंब चमकतात, खिडक्यांचे गजसुद्धा चमकतात. माझ्या हातून एका दिवाळीत गिटार चमकवली गेली. त्या अपराधाची ही हकीकत आहे. ती सांगता सांगता मला पार स्पेनपर्यंत जाऊन यावे लागणार आहे, तेव्हा वाचकांनी फराळाची ताटली जवळ घेऊन बसलेले बरे.

गिटार माझ्या मामांची. तरुणपणी ते धोबी तलावाजवळ एका चाळीत राहत असत. शेजारच्या गोमंतकीय वादकाकडून त्यांनी ती विकत घेतली होती. आत स्पॅनिश भाषेतली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, पण कारागिराचे नाव होते नेमका तेवढाच भाग कसरीने खाल्लेला. वाद्य हातघडणीचे, एवढे मात्र जाणकार पाहताच सांगतात. तिच्यावरची जुनी झिलई मधासारखी पिवळसर होती, आणि वाजवताना उजवा हात जिथे टेकतो तिथे ती उडून लाकूड उघडे पडले होते. मामांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी ती गुपचूप एका फर्निचर-पॉलिशवाल्याकडे दिली. त्याने जुने सारे घासून काढले आणि पॉलियुरेथेनचे तीन जाड हात मारले. गिटार घरी आली ती जेवणाच्या टेबलासारखी लखलखत!

मामांनी ती मांडीवर घेतली, दोन-तीन वेळा तारांवरून बोटे फिरवली आणि म्हणाले, “छान दिसते हो.” मग खुंटीला अडकवली. पुढे कित्येक महिने ती खुंटीवरच राहिली. ते रागावले असते तर बरे झाले असते.

एका मित्राने मला मिरजेला नेले. मिरज म्हणजे सितार-तंबोऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांनी तिथे ही कला रुजवली. त्यांचे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना पाणी आणि चकाकी देणाऱ्यांचे. तिथल्या एका वृद्ध कारागिराने माझी गिटार घेतली, तिच्या वरच्या फळीवर बोटाने टकटक केले, कान जवळ नेला आणि म्हणाला, “साहेब, हिला तुम्ही रेनकोट घातलात. आता ती बोलणार कशी?”

सितारीची वरची फळी ती तबली. गिटारीलाही मी तोच शब्द वापरतो. ही तबली बहुधा स्प्रूसच्या लाकडाची, जाडी जेमतेम दोन-अडीच मिलीमीटर. तारेचे कंपन घोडीतून तिच्यात उतरते आणि ती थरथरली की आवाज होतो. बाकीच्या खोक्याचे महत्त्व किती कमी, हे अँतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 साली मोठ्या मौजेने दाखवून दिले. त्याने पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त तबली उत्तम लाकडाची लावली. आणि गिटार वाजली! ती आजही बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. आजच्या अभिजात गिटारीचा आकार ज्याने ठरवला तो हाच तोरेस (1817–1892).

आता पेच असा की तबली उघडी ठेवता येत नाही. कोरे लाकूड घाम शोषते, मळते, पावसाळ्यात फुगते. आणि झाकावी तर तिची थरथर दबते. लाकूड दिसावे, टिकावे आणि बोलावेही अशी पारदर्शक झिलई कोणती, हा प्रश्न गिटार घडवणाऱ्या प्रत्येकापुढे शेवटच्या टप्प्यावर उभा राहतो. महिनोन् महिने केलेले काम चार दिवसांत बिघडवण्याची सोय त्यात असते.

सतराव्या शतकात उत्तर होते तेलाचे रोगण. व्हायोलिनसाठी जगाने ज्याला डोक्यावर घेतले त्या स्त्रादिव्हारीने गिटारीही केल्या होत्या. त्याची 1679 सालची एक अजून वाजवता येते. त्याच्या रोगणाच्या ‘गुपिता’वर पिढ्यान् पिढ्या तर्क लढवले गेले. शेवटी 2009 साली पॅरिसच्या संग्रहालयातील त्याच्या पाच वाद्यांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा निघाले काय? चित्रकार वापरीत तसले साधे वाळणारे तेल, थोडी राळ आणि काही रंगद्रव्ये. गुपित बोटांत होते, बाटलीत नव्हते. पण हे रोगण वाळायला फार दिवस घेते.

एकोणिसाव्या शतकात युरोपात फर्निचरसाठी ‘फ्रेंच पॉलिश’ची चलती झाली आणि स्पॅनिश गिटारवाल्यांनी ते उचलले. तोरेसच्या गिटारींवर तेच आहे. नाव फ्रेंच, वाद्य स्पॅनिश, आणि माल? माल आपला! फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पांडवांना जाळण्यासाठी ज्या लाक्षेचे घर बांधले तीच ही.

पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा किडा वस्ती करतो आणि अंगातून राळ स्रवतो. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या रानात ही लाख होते; मोठे उत्पादन झारखंड-छत्तीसगडचे. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लाखेवर एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. पुढे वीसेक वर्षांनी गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने इथले कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरून रंग कसा चढवतात ते टिपून ठेवले. सावंतवाडीची खेळणी ज्यांनी घडताना पाहिली आहेत त्यांना ते वर्णन ओळखीचे वाटेल.

फांदीवरून खरवडलेली लाख धुऊन तिचे दाणे करायचे, ते लांबलचक कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळायचे, वितळून बाहेर आलेल्या लाखेची पोळी हातांनी, पायांनी आणि दातांनीसुद्धा धरून ताणायची, आणि गार झाल्यावर तिचे पापडासारखे तुकडे करायचे. हा झाला चपडा. माद्रिदच्या किंवा म्युनिकच्या कारागिराच्या बाटलीत पडणारे सोनेरी पापुद्रे असे कुणाच्या तरी दातांखालून गेलेले असत! (जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेच्या. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तंबोऱ्याचा आणि आवाजाचा तबकडीत जो संगम झाला तो लाखेतच.)

पॉलिश लावण्याची रीत म्हणजे संयमाची परीक्षा. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पुरचुंडी करायची, तिला लाखेचे पाणी पाजायचे, वर तेलाचा एक थेंब. मग वर्तुळे काढीत, आठाचे आकडे काढीत ती फिरवत राहायची. हात क्षणभर जरी थांबला तरी पुरचुंडी चिकटते आणि खालची झिलई सोलून निघते. एका बैठकीत चढतो तो थर डोळ्यांना दिसतही नाही. असे कित्येक दिवस. सगळे संपल्यावरही ते आवरण कागदाहून पातळच राहते.

माझ्या मते लाखेचे सारे रहस्य एवढेच आहे. लाखेत सूर नाही. ती अत्यंत पातळ लावता येते, म्हणून तबलीवर ओझे होत नाही. आणि दुसरा गुण, जो मला अधिक मोलाचा वाटतो: नव्या हातातले स्पिरिट जुन्या थराला विरघळवून त्यात मिसळते. जखम भरून येते, ठिगळ दिसत नाही. दोषही आहेत. घामाने ती झिजते, पाण्याने पांढरी पडते, उन्हात मऊ होते, मद्याचा पेला सांडला तर विचारूच नका. भिजवलेली लाख काही महिने बाटलीत राहिली की पुढे नीट वाळतच नाही.

मग ती मागे कशी पडली? आवाजासाठी नव्हे, घड्याळासाठी. दिवाळीच्या अंकात दारूगोळ्याचा उल्लेख शोभून दिसेल म्हणून सांगतो. 1846 च्या सुमारास बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. त्याच नायट्रोसेल्युलोजच्या कुळातून 1923 साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने मोटारींसाठी ‘ड्यूको’ नावाचे लॅकर काढले. ज्या मोटारी रंगवून वाळवायला आठवडेच्या आठवडे लागत, त्या काही दिवसांत बाहेर पडू लागल्या. फवारा मारा, वाळवा, घासा, विका! गिटारीच्या कारखान्यांना हे आवडले नसते तरच नवल. 1833 साली जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या मार्टिनच्या जुन्या पेढीनेही 1920 च्या दशकात हे लॅकर स्वीकारले. गंमत म्हणजे ‘लॅकर’ या नावात लाख आहे, आत लाखेचा कणही नाही. पुढे आणखी जाड, आणखी टणक प्लॅस्टिकची आवरणे आली. त्यांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. रोज गाडीतून हिंडणाऱ्या, बारा गावांचे पाणी प्यालेल्या वादकाला तीच परवडतात. पण ती मोटारीच्या गरजेतून आली, हे विसरू नये.

मिरजेच्या कारागिराने स्पष्ट सांगितले : हे पॉलियुरेथेन स्पिरिटला दाद देणार नाही, काचेच्या धारेने खरवडावे लागेल; तबली आधीच एकदा घासली गेली आहे, हात जरा खोल गेला तर वाद्य संपले. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, “तशीही मुकीच आहे ती. खरवडू दे.”

दोन दिवस मी त्या दुकानात बसून काचेचा आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी कोरी, पांढुरकी तबली बाहेर आली. तंबोऱ्याला देतात तेच चपड्याचे पॉलिश तिला द्यायला महिना लागला. मजुरी सांगताना म्हातारबुवा संकोचले. मी मात्र पहिल्या पॉलिशवाल्याला याच्या तिप्पट मोजले होते.

आवाज पूर्वीचा आला का? माझ्या कानांवर माझाच विश्वास नाही. पश्चात्तापी माणसाला हवे ते ऐकू येते. मामांनी त्या रात्री पाने वाढेपर्यंत गिटार खाली ठेवली नाही, आणि मामींनी दोनदा हाक मारली तीही त्यांना ऐकू गेली नाही. यंदाच्या पावसाळ्यात उजवा हात टेकतो तिथली झिलई पुन्हा फिकी पडू लागली. मामा आता तिथे मामींच्या जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवून वाजवतात.