प्रवरेकाठचा बहर आणि कॅमेरा

प्रवरेच्या खोऱ्यात रानफुलांचा बहर वर्षातून दोनदा येतो. पहिला वसंताच्या सुमाराचा. फाल्गुनात संगमनेरभोवतीच्या कोरड्या टेकड्यांवर आणि शेतांच्या बांधांवर पानझड संपलेली नसतानाच पळस पेटतो. पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि उन्हाच्या तडाख्यात बहावा. दुसरा बहर नदीच्या उगमाकडचा. रतनगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड या अकोले तालुक्यातल्या डोंगरांवर भाद्रपद-आश्विनात सोनकी, तेरडा, कवला, सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरच्या संगमनेरपर्यंत येता येता अगदी थोडा उरतो, म्हणून एकाच नदीच्या काठी हे दोन वेगळे ऋतू नांदतात. या फुलांचे चित्र टिपण्याचा इतिहास पाहिला तर कॅमेऱ्याने आधी पहिल्या बहराकडे पाहिले आणि फार उशिरा दुसऱ्याकडे, असे दिसते.

कॅमेऱ्याआधी कुंचला होता. १८२८ साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी पुण्याजवळ दापोडीला वनस्पती उद्यान उभारले. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते. संगमनेरच्या शेजारच्या जुन्नर भागात, हिवरे येथेही त्यांनी औषधी वनस्पतींची बाग केली. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी दापोडीत वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, पण त्याचे नाव नोंदलेले नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या वनस्पती इतक्या बारकाईने रंगवणाऱ्या माणसाचे नाव हरवावे, ही या इतिहासातली मोठी हानी आहे. गिब्सन आणि डॅलझेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली आला आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये. दोन्हींत फुलांचे वर्णन शब्दांतच आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी. या काळातली छायाचित्रे लेणी, मंदिरे, बाजार आणि नाना जातीजमातींच्या माणसांची आहेत. रानातले फूल त्यांत क्वचितच दिसते. कारण रसायनात होते. ओल्या काचेच्या पद्धतीत कलोडियनचा थर दिलेली काच चांदीच्या क्षारात बुडवून, ती वाळण्याआधीच छायाचित्र घेऊन धुवावी लागे. त्यासाठी काळा तंबू आणि बाटल्यांचा पसारा बरोबर न्यावा लागे. फुलाला जवळून टिपायचे तर प्रकाशाला आणखी वेळ द्यावा लागे, आणि देठावर डोलणारे फूल तेवढा वेळ स्थिर राहत नसे. वाऱ्यावर कसलाही इलाज नव्हता.

त्याहून मोठी अडचण रंगांची होती. जुन्या काचांना निळा आणि जांभळा प्रकाशच जाणवे. तांबडा, केशरी जवळजवळ नाहीच. म्हणजे फाल्गुनातला पळस त्यांवर काळा उमटला असता आणि कारवीची जांभळट निळी फुले फिकी पांढरी. ज्या रंगासाठी पळस ओळखला जातो, तोच नेमका नाहीसा होई. १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्याची जाणीव देता येते हे दाखवले. तांबड्यासह सगळे रंग जाणवणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विक्रीस आल्या. तरीही चित्र कृष्णधवलच राहिले. गावोगावच्या स्टुडिओंत फुले असत ती रंगवलेल्या पडद्यावर, किंवा फोटोला हाताने दिलेल्या रंगात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखांतून घडलेले ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे सुंदर भारतीय वृक्षांवरचे पुस्तक १९३७ साली निघाले. त्यात छायाचित्रे होती, पण रंगाचे काम चित्रांवर सोपवलेले होते. रंगीत फिल्म १९३५ पासून परदेशात मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर आयातीवरच्या बंधनांमुळे इथे ती महाग आणि दुर्मीळ राहिली. उटी येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही फिल्म कृष्णधवल होती.

दुसऱ्या बहराला त्यामुळे फार वाट पाहावी लागली. पळस दुरून, झाडासकट, भरपूर उन्हात टिपता येतो. सीतेच्या आसवांचे फूल नखाएवढे असते, ते टिपायला कातळावर पालथे पडावे लागते. ढगाळ उजेडात फुलाचे रंग खुलतात, पण उजेड कमी. भिंगाचे तोंड मोठे ठेवले तर पाकळीची कडाच तेवढी स्पष्ट येते, लहान केले तर वारा चित्र हलवतो. एकास एक आकारात टिपणारी मॅक्रो भिंगे, पावसातही चालणारे कॅमेरे आणि गडांवर भटकणाऱ्यांची वाढती संख्या, हे सगळे जुळल्यावरच हे काम मार्गी लागले. पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकर यांची सह्याद्रीच्या फुलांवरची सचित्र इंग्रजी पुस्तके २००१ आणि २००७ साली आली. ती हातात घेऊन सामान्य भटक्याला रानातल्या रानात फूल ओळखता येऊ लागले. हे काम एरवी कोरड्या नमुन्यांचा संग्रह चाळणाऱ्या तज्ज्ञांपुरते होते. कुकच्या ग्रंथातली वर्णने त्यानंतर जिवंत झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

डिजिटल कॅमेरा आणि मोबाइलने फिल्मचा खर्च संपवला. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात साताऱ्याचे कास पठारही होते. तिथल्या गर्दीमुळे वनविभागाला प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागल्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, आणि सप्टेंबरात भंडारदऱ्याच्या वाटेवर फुलांसाठी येणाऱ्यांची रीघ लागते. फोटोसाठी गालिच्यात मधोमध उभे राहिल्याने तेरड्याची रोपे चिरडली जातात, आणि बी धरण्याआधीच रोप मेले की पुढच्या पावसाला ती जागा ओकी राहते. हरिश्चंद्रगड परिसरातल्या सेरोपेजिया लॉई या कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ जातींचा फोटो जाणकार छायाचित्रकार प्रसिद्ध करतात, पण नेमका कडा कोणता ते लिहीत नाहीत.