‘ख्रिस्तपुराणा’तला तारणाचा काळ

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याला बहुधा मराठीच्या स्तुतीच्या मोजक्या ओव्यांपुरते ठाऊक असते. त्या ओव्या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला येतात. एका इंग्रज पाद्र्याने आपल्या भाषेची अशी थोरवी गावी याचे कौतुक होते आणि बहुतेक वाचक तिथूनच परततो. पुढे मात्र दहा हजारांहून अधिक ओव्यांत एकच प्रश्न उलगडत जातो: देवाचे तारणकार्य केव्हा सुरू झाले आणि ते कोणाकोणापर्यंत पोचते?

आधी साधनांचे पाहू. हा ग्रंथ गोव्यातल्या साष्टी भागात राशोल येथे जेजुइटांच्या विद्यालयात १६१६ मध्ये छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. मंगळूरकडच्या रोमन लिपीतल्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये आवृत्ती काढली. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला पोचलेले हस्तलिखित देवनागरीत आहे.

नक्कल करणाऱ्यांनी मूळ मुखपृष्ठाचा मजकूरही उतरवून ठेवला, म्हणून पोर्तुगीज शीर्षक आपल्याला कळते. आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातल्या आगमनाविषयीचे विवेचन, दोन भागांत, असा त्याचा आशय आहे. ग्रंथाचा विषय आगमन आहे, हे ग्रंथकर्त्यानेच तिथे सांगून ठेवले आहे. ज्या अर्थी आगमन म्हटले, त्या अर्थी कोणीतरी वाट पाहत होते, हेही ओघाने आलेच.

ही वाट पाहण्याची कथा किती लांब आहे, ते ओव्यांच्या हिशेबावरून दिसते. साल्ढाणा यांच्या आवृत्तीत एकूण १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू (म्हणजे अध्याय) आणि ४,१८१ ओव्या, तर दुसऱ्यात ५९ अवस्वरू आणि ६,७८१ ओव्या. येशूचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. त्याआधीचा सारा विस्तार सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन, नोहाचा जलप्रलय, अब्राहाम, मोशे आणि दावीद यांचा आहे. म्हणजे शंभरातल्या अडतीस ओव्या ख्रिस्तजन्माआधीच्या काळाला दिल्या आहेत. नुसती प्रस्तावना एवढी मोठी नसते. पहिले पुराण हा तारणकथेचाच पूर्वार्ध आहे.

ही मांडणी ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. नव्याने श्रद्धेकडे येणाऱ्याला शिकवताना सृष्टीपासून आरंभ करून चर्चच्या चालू काळापर्यंत यावे, असा सल्ला संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४००च्या सुमारास देओग्रातियास नावाच्या कार्थेजच्या धर्मशिक्षकाला दिला होता. याच नावाच्या धर्मगुरूला लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात ऑगस्टीन ख्रिस्तविरोधकांच्या एका जुन्या आक्षेपाला उत्तर देतात. ख्रिस्त हाच तारणाचा मार्ग असेल, तर तो येण्याआधी होऊन गेलेल्या असंख्य माणसांचे काय? ऑगस्टीन यांचे उत्तर असे, की मानवजातीच्या आरंभापासून ज्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, ते त्याच्याचमुळे तरले. आधीच्यांनी तो येणार म्हणून विश्वास ठेवला, नंतरच्यांनी तो आला म्हणून. खुणा आणि विधी बदलले, तारणारा तोच राहिला.

जेजुइटांना हा प्रश्न पोथीबाहेरही भेटला होता. संत फ्रान्सिस झेवियर यांनी २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात जपानचा अनुभव आहे. देव एवढा दयाळू, तर त्याने आमच्या पूर्वजांना हे आधी का कळवले नाही, असे तिथल्या लोकांनी विचारले. बऱ्यावाइटाचा कायदा देवाने प्रत्येकाच्या मनात आधीच लिहिलेला असतो, असे झेवियर यांनी सांगितले. पण नरकात गेलेल्यांना सोडवता येत नाही, हेही सांगितले. ते ऐकून नवे ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी, बायकामुलांसाठी रडले. हे पाहून झेवियर यांनाही वाईट वाटले, हे त्यांनी लपवलेले नाही.

स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोचले आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे साष्टीत गेली. १५६७ मध्ये तिथली देवळे पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत रोदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेजुइट सोबती मारले गेले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना पोर्तुगीजांच्या सूडाला तोंड द्यावे लागले. स्टीफन्स यांच्या श्रोत्यांत ज्यांचे आजोबा जुन्या देवळात जात असत, अशी माणसे होती. पहिल्याच अवस्वरूत एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, की आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी करून द्या. या मागणीत तक्रार आहे आणि ती रास्त आहे. स्टीफन्स यांनी ती गाळली नाही. सारा ग्रंथ त्या मागणीचे उत्तर म्हणून उभा केला.

भाषेबरोबरच इथल्या लिपीबद्दलही स्टीफन्स यांना तळमळ होती. वरिष्ठांना १६०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात, इथल्या लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली फार दिवसांची इच्छा त्यांनी कळवली आणि युरोपात चोवीस ठशांवर भागते तिथे इकडे सहाशे लागतील, ही अडचणही सांगितली. अखेर ग्रंथ रोमन लिपीत निघाला.

स्टीफन्स यांनी साष्टीच्या पूर्वजांना मोक्ष मिळाला असे म्हटले, असा दावा या कागदपत्रांवरून करता येणार नाही. तो काळ आणि ग्रंथ छापायला लागणारा इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, परवाना पाहता ते शक्यही नव्हते. पण ग्रंथाच्या रचनेतून एक गोष्ट ठामपणे दिसते. त्यांनी तारणाचा आरंभ पोर्तुगीज जहाजांपासून धरला नाही, बेथलेहेमपासूनही धरला नाही. आदाम हा साऱ्या माणसांचा मूळपुरुष, आणि तारणाऱ्याचे वचन दिले गेले ते त्याच्या पतनाच्या वेळीच. साष्टीचा शेतकरीही त्याच वंशातला. देवाची दया माणसाच्या पहिल्या चुकीइतकीच जुनी आहे, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा स्टीफन्स यांनी ४,१८१ ओव्यांत मराठीत मांडला. भाषास्तुतीच्या ओव्यांपाशी थांबलेल्या वाचकाने निदान पहिले पुराण तरी पुरते वाचावे. ग्रंथकर्त्याने मराठी कशासाठी हाती घेतली, ते तिथे कळते.