फोटोची मागची बाजू



बचत गटाच्या बैठकीत कुणाच्या तरी मोबाइलवर एक काळा-पांढरा फोटो येतो. खाली लिहिलेले असते, ‘लढाईच्या काळातला दुर्मिळ फोटो.’ आपण हळहळतो आणि पुढे पाठवतो. आज जरा थांबून तो नीट बघू या.

फोटो स्पष्ट आहे म्हणून तो मोलाचा, असे नसते. लखनौच्या सिकंदरबागेत नोव्हेंबर 1857 मध्ये मोठी लढाई झाली. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने तिथला फोटो काढला 1858 मध्ये. पडक्या वाड्यापुढे माणसांची हाडे पसरलेली त्यात स्वच्छ दिसतात. पण ती हाडे फोटोसाठी मांडली होती, असे अभ्यासक मानतात. म्हणजे फोटो खरा, पण लढाईच्या दिवसाचा नाही. तरी तो टाकाऊ नाही. जिंकणाऱ्यांना जगाला काय दाखवायचे होते, ते त्यातून कळते.

दुसरी गोष्ट, खालची ओळ तपासा. समजा, लिहिले आहे ‘गडचिरोली जिल्हा, 1942’. आपला गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्याआधी हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. मग ही ओळ 1942 मध्ये लिहिलेली नाही, नंतर कुणीतरी लिहिली. फोटो खोटा ठरत नाही, पण विचारायला हवे, कुणी लिहिले आणि कशावरून?

तिसरी, कागदाचा फोटो भिंगाखाली धरा. बारीक बारीक ठिपके दिसले, तर तो बहुधा पेपरातून किंवा पुस्तकातून कापलेला असतो. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा हाताने लिहिलेले नाव असेल, तर ते सोन्यासारखे जपा.

आता आपल्या चिमूरची गोष्ट. दुसरे महायुद्ध चालू होते. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. गोळीबार झाला, लोक खवळले, सरकारी अधिकारी मारले गेले. मग गावात फौज आली. पुरुषांची धरपकड झाली आणि घरातल्या बायांवर अत्याचार झाले. त्या घरांत कॅमेरा कुठला असणार? पण बाया गप्प बसल्या नाहीत. अनसूयाबाई काळे चिमूरला गेल्या, तेव्हा बायांनी झालेले सांगितले. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी 63 दिवस उपवास केला. फोटो नव्हता, तरी साक्ष होती. म्हणून चिमूरच्या नावाने कुणी रडणाऱ्या बाईचा फोटो पाठवला, तर आधी विचारा, ही कोण, कुठली? दुसऱ्याच बाईचे दुःख चिमूरच्या नावावर खपवले, तर दोघींवरही अन्याय होतो.

आणि आपल्या घरची पेटी? त्यात फौजेतल्या आजोबांचा पुसट फोटो असेल, चेहराही धड दिसत नसेल. पण नाव, गाव, साल आजीला ठाऊक असेल, तर तो अनोळखी चकचकीत फोटोपेक्षा मोलाचा. त्याला लॅमिनेशन करू नका. सपाट जागी ठेवून मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, कोण, कुठे, केव्हा, आणि हे कुणी सांगितले. जे ठाऊक नाही, तिथे ‘माहीत नाही’ असेच लिहा. अंदाज लिहिला, तर नातवंडे तोच खरा मानतील.

आज संध्याकाळी आजीजवळ बसा, मैत्रिणींनो. फोटो पेटीत राहील, पण सांगणारी आजी कायम राहणार नाही.