आठवड्याची आकारणी

काळाचा तुकडा मिळकत म्हणून बाळगणे आपल्या खेड्यांना नवे नाही. दोन भावांची वाटणी झाली की जमिनीचे हिस्से पडतात. विहीर मात्र एकच राहते, आठवड्यातले चार दिवस थोरल्याचे व तीन दिवस धाकट्याचे ठरतात, पाण्याची ती पाळी सात-बाराच्या इतर हक्कांत नोंदली जाते, आणि पुढे कधी जमीन विकावी लागली तर खरेदीखतात तिचाही उल्लेख होऊन घेणारा तिचे मोल मुकाट्याने देतो, कारण तीन दिवसांच्या पाण्यावर किती ऊस उभा राहतो हे त्याला ठाऊक असते. हीच कल्पना विश्रांतीच्या घराला लावून, वर्षातील एक आठवडा विकत देण्याचा जो व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत उदयास आला आणि 'टाइमशेअर' या नावाने आपल्याकडेही पोहोचला, त्यातील आठवड्याचे खरे मोल मात्र घेणाऱ्याला बहुधा तो विकायला निघाल्यावरच कळते. असे का व्हावे याचे उत्तर त्या व्यवसायाच्या जन्मकथेत आहे.

आरंभ साधा आणि प्रामाणिक होता. 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर नेटे व गुइडो रेंगली यांनी 'हापिमाग' ही संस्था स्थापन केली. सभासदांनी समभाग घ्यावेत, त्या भांडवलातून संस्थेने ठिकठिकाणी घरे घ्यावीत आणि सभासदांनी ती आळीपाळीने वापरावीत, अशी ती सहकाराला जवळची योजना होती. पुढे त्याच दशकात फ्रेंच आल्प्समधील स्युपरदेवोल्यु येथे हिवाळी विहारगृहांचे आठवडे विकले जाऊ लागले, आणि 1969 साली हवाई बेटांतील कवाईवर अमेरिकेतील पहिला प्रयोग झाला. फ्रान्सच्या कायदेमंडळाने या व्यवहारातील नाजूक जागा फार अचूक हेरली: जानेवारी 1986 च्या कायद्याने अशा हिस्सेदाराचा निर्देश 'मालक' या शब्दाने करण्यास मनाई केली. एका शब्दावर घातलेली ही बंदी मला त्या कायद्यातील सर्वांत दूरदर्शी तरतूद वाटते, कारण माणूस मालक म्हटला गेला की आपल्याजवळील वस्तूचा भाव वाढतच जाणार, असे तो मनाशी धरून चालतो.

अमेरिकेत या कल्पनेचे रूप पालटले ते गरजेपोटी. 1973 च्या तेलटंचाईनंतर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बांधून तयार असलेल्या सदनिकांना गिऱ्हाईक उरले नव्हते, आणि ज्यांची कर्जे त्या रिकाम्या इमारतींत अडकली होती अशा बांधकामदारांनी एकेका सदनिकेचे बावन्न आठवड्यांत तुकडे केले, डागडुजीसाठी एखाददुसरा राखून बाकीचे पन्नास-एक्कावन्न विकावयास काढले. 1974 मध्ये इंडियानात जॉन व क्रिस्टेल डीहान या दांपत्याने आर. सी. आय. ही अदलाबदलीची पेढी काढल्यावर फ्लोरिडातील आठवडा देऊन दुसरीकडचा आठवडा घेण्याची सोय झाली व विक्रीला वेग आला. परंतु पन्नास आठवड्यांच्या किमतींची बेरीज अखंड सदनिकेच्या किमतीहून कितीतरी अधिक भरत असे, आणि ही वरकड रक्कम भिंतींत किंवा जमिनीत कोठेच नव्हती. ती पाहुण्यांना बोलावून आणण्यात, त्यांच्या फुकट न्याहरीत व भेटवस्तूंत, विक्रेत्यांच्या दलालीत आणि हप्त्यांच्या व्याजात खर्ची पडलेली असे.

ही गोष्ट सरकारी दप्तरात स्पष्ट शब्दांत कोणी लिहिली असेल, तर ती फ्लोरिडाच्या महसूल कायद्याने. घरपट्टी बसवायची तर आठवड्याची किंमत ठरवावी लागते, आणि आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ना विक्रेत्याच्या आशेशी कर्तव्य, ना घेणाऱ्याच्या पश्चात्तापाशी. तेव्हा कायद्याने असे सांगितले की त्याने सर्वांआधी पुनर्विक्रीचे सौदे पाहावेत. ते पुरेसे नसतील तर मूळ विक्रीच्या किमतीतून विक्रीचा नेहमीचा व वाजवी खर्च वजा करावा. त्यात जाहिरात व विक्रीचा सारा खर्च, कर्जाचा असाधारण भार आणि अदलाबदलीच्या हक्काची किंमत धरावी. आणि उलट पुरावा पुढे आला नाही तर हा खर्च मूळ किमतीच्या 50 टक्के आहे असे गृहीत धरावे. म्हणजे सही झाल्याक्षणीच निम्मी रक्कम मिळकतीच्या बाहेर गेली, असे खुद्द सरकारचे अनुमान आहे. आठवडा विकावयास निघालेल्या कोणीही आपला हिशेब येथूनच सुरू करावा.

तथापि उरलेली निम्मी रक्कम तरी हाती येईल असे समजण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक आठवड्यावर दरसालचा देखभालीचा आकार असतो. या आकाराचा मोलावर काय परिणाम होतो हे जाणण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचा इतिहास पुरेसा आहे. प्रिंगलसाहेबाने 1830 च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा धरून जी जमाबंदी लागू केली, तिच्यातील आकार कागदावर शास्त्रशुद्ध असला तरी शेताला झेपणारा नव्हता. कुणबी जमिनी टाकून निघून गेले आणि गावेच्या गावे पडीक दिसू लागली. ज्या जमिनीचे सारे उत्पन्न साऱ्यात जाते तिला विकत कोण घेणार? पुढे 1835-36 पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने मोजणी करून धारा उतरवला व तीस वर्षांसाठी कायम केला, तेव्हा पड जमीन पुन्हा लागवडीस आली आणि तिला विक्रीची किंमतही येऊ लागली. जमीन तीच होती, पाऊसही तोच होता. आकार भरून हाती काही शिल्लक राहू लागले होते, एवढाच काय तो फरक.

माझे मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी एका थंड हवेच्या ठिकाणी पंचवीस वर्षांच्या मुदतीचा मे महिन्यातील एक आठवडा 1,20,000 रुपयांस घेतला होता, आणि अठरा वर्षांनी तो विकावा असे मनात आले तेव्हा त्यांनी आखीव कागद काढून जुन्या सवयीने रकाने पाडले. विकायला ठेवलेल्या आठवड्यांचे भाव त्यांनी विचारातच घेतले नाहीत. मागणीचा भाव हा भाव नव्हे, सौदा होऊन पैसे हातात पडतील तो भाव, असे ते म्हणाले. अनोळखी प्रवासी होऊन त्यांनी त्याच विहारगृहाला दूरध्वनी केला आणि तीच खोली त्याच आठवड्यासाठी भाड्याने कितीला मिळेल ते विचारले. उत्तर आले 28,000. दरसालचा आकार होता 19,000. शिल्लक 9,000, उरलेली साले सात, एकूण 63,000. पण घेणाऱ्याला तारीख महिनोन्‌महिने आधी राखावी लागते, ती मिळेलच असा भरवसा नाही, आकार दरसाल चढतो आणि आपण मात्र पैसे आज मागतो, म्हणून त्यांनी निम्मे कापले. आणि नाव बदलून देण्याबद्दल कंपनी घेते ते 15,000 वजा केले. तळाशी आकडा उरला 16,500. शेजारच्या गृहस्थांनी तो हक्क 14,000 ला घेतला, तेव्हा मामांची आकारणी फारशी चुकली नाही असेच म्हटले पाहिजे.

भाव टिकल्याचीही उदाहरणे आहेत. डिस्नेने 1991 साली सुरू केलेल्या मंडळाचे हक्क पुनर्विक्रीतही चांगली रक्कम आणतात, कारण त्या जागांना गिऱ्हाइकांची मागणी अखंड आहे. शिवाय झालेला सौदा त्याच किमतीत स्वतः उचलण्याचा अधिकार, ज्याला आपल्या जुन्या कागदांत हक्कशुफा म्हणत, कंपनीने आपल्याकडे राखला आहे. पण ही थोड्यांची कथा आहे. पुष्कळ ठिकाणी आकार सर्व ऋतूंना सारखाच आणि भाडे मात्र ऋतूप्रमाणे, त्यामुळे ओसाड हंगामातील आठवड्याची किंमत शून्याच्याही खाली जाते, आणि अमेरिकेत एका डॉलरला आठवडा देऊ करणाऱ्या जाहिराती दिसतात त्या याचमुळे. अशा अडलेल्यांकडून आगाऊ रक्कम घेऊन गिऱ्हाईक आणून देण्याची हमी देणारे मध्यस्थ इतके बोकाळले, की युरोपीय संघाला 2009 च्या निर्देशाने प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत त्यांनी काहीही घेऊ नये असा दंडक घालावा लागला. आपल्या महाराष्ट्रात तर परतीची किंमत आधीच लिहून देणारी योजना घरोघर गेली. पॅनकार्ड क्लब्जने खोल्यांच्या रात्री विकल्या आणि त्या न वापरणाऱ्यास मुदतीअंती वाढीव रक्कम देण्याचे कबूल केले. सेबीने ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून 2016 साली 7,000 कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश दिला. ते पैसे लहान गावांतील शिक्षक, दुकानदार व शेतकरी यांचे होते, आणि आठवड्याचे मोल भाड्यावरून ठरते एवढी एक गोष्ट त्यांना वेळीच कोणी सांगितली असती तर किती संसारांची पुंजी वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

मामांच्या एका सहकाऱ्याचा आठवडा त्याच विहारगृहातला, पण जुलैतला होता. त्या दिवसांत तेथे धुक्यात समोरचा डोंगरही दिसत नाही व भाडे 14,000 वर उतरते; आकार मात्र तोच 19,000. त्यांना किंमत नको होती, सुटका हवी होती. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत जमीन परवडेनाशी झालेल्या खातेदाराला राजीनामा देऊन पुढील साऱ्यातून मोकळे होता येत असे, आणि तो हक्क 1879 च्या जमीन महसूल अधिनियमातही कायम राहिला. या करारात तसे एकही कलम नव्हते. तरीही मामांनी कचेरीतील जुन्या नमुन्याबरहुकूम त्यांना राजीनामा लिहून दिला: सदर आठवडा मी राजीखुशीने सोडून देत आहे, सबब चालू सालानंतरचा आकार माझ्याकडून घेण्यात येऊ नये. पत्र नोंदणीकृत टपालाने गेले, पोचपावती आठ दिवसांत परत आली, आणि एप्रिलमध्ये पुढील सालाच्या आकाराची मागणी त्यांच्याच नावे आली.