छावणीतले अललडुर्र

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हापासून कैक वर्षे मराठी रंगभूमीवरचा राक्षस राळेच्या भडक्यात, तलवार परजीत, 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकूनच प्रवेश करी. त्या आवेशाची पुढे आपण यथेच्छ थट्टा केली. परंतु १८७५ मध्ये बडोद्याच्या छावणीत तिथल्या मल्हारराव गायकवाड महाराजांच्या चौकशीचे कमिशन बसले, त्याची हकीकत वाचताना मला तीच आरोळी राहून राहून ऐकू येते.

प्रसंग तसा अगदी घरगुती होता. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी फिरून परतलेल्या रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले, जीव कसासाच झाला म्हणून उरलेले व्हरांड्याबाहेर भिरकावले, आणि पेला खाली ठेवता ठेवता तळाशी चिकटलेला काळपट गाळ त्यांच्या दृष्टीस पडला. सोमल आणि हिऱ्याची पूड, असे पुढे निष्पन्न झाले, आणि हा विषप्रयोग मल्हाररावांनीच करविला असा आरोप आला.

महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन हे टिचबोर्न खटल्यात गाजलेले बॅरिस्टर. रेसिडेन्सीतला रावजी हवालदार हा माफीचा साक्षीदार. त्याने वापरलेला पट्टा एव्हाना दुसऱ्या पट्टेवाल्याच्या अंगावर गेला होता, आणि मुंबई पोलिसांच्या अकबर अलीने तो चाचपताच त्यातून सोमलाची पुडी निघाली. एवढ्या एका पुडीवर बॅलंटाइनसाहेबांनी उपहासाची जी सरबत्ती केली, तिच्यापुढे भाव्यांचा राक्षस फिका पडावा. पुडी सापडली नसून पोलिसांनीच ती तेथे ठेवली, हा त्यांचा रोख होता. आणि अतिरंजन वजा केले तरी, माझ्या मते, तो अगदीच निराधार नव्हता. तिकडे रेसिडेन्सीच्याच नरसू जमादाराने कबुलीजबाब दिल्यानंतर रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली व त्याला जिवंत बाहेर काढावे लागले. असला प्रवेश कोणा नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

कमिशनात मतभेद झाला. सर रिचर्ड काउच आदी तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत मानला. शिंदे महाराज, जयपूर महाराज आणि सर दिनकरराव यांनी मानला नाही. सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूस सारून गैरकारभाराच्या सबबीवर महाराजांना पदच्युत केले व एप्रिलात मद्रासेस रवाना केले. तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला.

नारायण बापूजी कानिटकरांनी या मल्हाररावांवर नाटक लिहिले. त्यातील महाराजांच्या तोंडी भाषणे घालताना त्यांना कल्पनेचाच आश्रय करावा लागला असेल, कारण इतक्या गलबल्यात मूळ नायकाने कमिशनपुढे केवळ एक लेखी कैफियत रुजू केली होती.