कन्व्हर्टरमागची जाड केबल
* 'जाड केबल' : लेखकाला अभिप्रेत आहे ती ऑडिओ कन्व्हर्टरच्या पाठीमागे लागणारी डीबी-२५ केबल. एका कनेक्टरमधून आठ चॅनल जातात. प्रत्येकाला हॉट, कोल्ड आणि ग्राउंड धरून 24 पिना लागतात, 13 क्रमांकाची रिकामी राहते. अ‍ॅनालॉगसाठी टॅस्कॅम कंपनीची ही पिनरचना रूढ आहे. डिजिटल ऑडिओच्या एईएस मानकासाठी मात्र टॅस्कॅमची वेगळी, यामाहाची वेगळी. कनेक्टर दिसायला हुबेहूब, त्यामुळे चुकीची केबलही अलगद बसते आणि आवाज येत नाही. केबल घेण्याआधी दोन्ही यंत्रांचे पिनांचे तक्ते ताडून पाहावेतच. बाजूच्या स्क्रूंचे आटे इंची की मेट्रिक, हेही बघावे. न जुळणारा स्क्रू पिळला की आटे जातात आणि इतकी जड केबल लोंबकळत राहते. — संपा.